ग्रिलवरचं ऊन

कल्याणहून सुटलेली धीमी लोकल ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर करत दिव्याकडे निघाली की रुळांच्या दोन्ही बाजूंना इमारतींच्या पाठी दिसत राहतात. पुढची बाजू बिल्डरने सजवलेली असते. पाठच्या बाजूला माणसं राहतात. ग्रिलमध्ये वाळत घातलेले टॉवेल, मुलाला लहान झालेली सायकल, कोरफडीची कुंडी, कबुतरांसाठी ठोकलेली जाळी, टीव्हीची छत्री. या पसाऱ्यात अधूनमधून वहीच्या पानाएवढं एक काळपट निळं पॅनेल दिसतं. सुतळीने नाहीतर केबल टायने बांधलेलं, आणि त्याची लाल-काळी वायर खिडकीच्या फटीतून आत गेलेली.

असं पॅनेल बांधणाऱ्याला शेजारी पहिला प्रश्न विचारतात तो बिलाचा. किती कमी झालं? खरं उत्तर आहे : काहीच नाही. आपण ज्याला पेन्सिल सेल म्हणतो, त्यातला पुन्हा भरता येणारा, निकेल-मेटल हायड्राइडचा, दोन हजार एमएएचचा सेल घ्या. व्होल्टेज १.२. म्हणजे पूर्ण भरला की त्यात मावते जेमतेम अडीच वॉट-तास वीज. चार्जरमधली आणि सेलमधली गळती धरली तरी तो भरायला चार वॉट-तास पुरतात. एका युनिटमध्ये असे अडीचशे सेल भरतील. सगळे आकार आणि अधिभार धरून युनिट दहा रुपयांना पडलं असं समजू. एक सेल भरायचा खर्च चार पैसे. हे चार पैसे वाचवायला कोणी पॅनेल विकत घेत असेल, तर त्याची किंमत नातवाच्या हयातीतही वसूल व्हायची नाही.

बचत आहे, पण ती दुसरीकडे. वापरून फेकायचा सेल पंधरा-वीस रुपयांना मिळतो आणि एकदाच चालतो. भरता येणारा त्याच्या आठ-दहा पट महाग असतो आणि नीट वागवला तर काही शे वेळा चालतो. फायदा होतो तो सेल पुन्हा भरण्याचा. आणि तो भिंतीवरच्या प्लगमधूनही तेवढाच होतो. ऊन त्यात पैशाची भर घालत नाही. सौरऊर्जेच्या उत्साही मंडळींना हे ऐकवलं की ती थोडी नाराज होतात. पण इथून सुरुवात केली नाही, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

मग ऊन कशाला? ठाणे-कल्याणच्या या पट्ट्यात ज्यांनी २००५ ते २०१२ ही वर्षं काढली त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता, राज्यात चार-पाच हजार मेगावॉटची तूट होती, आणि मुंबई शहराला टाटा-बेस्टची वीज अखंड मिळत असताना भांडुप-मुलुंडपासून पुढे महावितरणचं राज्य सुरू होई. भारनियमनाचे तास वीजगळती आणि वसुलीप्रमाणे ठरत. ज्या भागात गळती जास्त, तिथे अंधार जास्त. त्यामुळे एकाच लोकलमधून उतरणाऱ्या दोन माणसांच्या नशिबी वेगवेगळे तास येत. भिवंडीचं वीजवितरण जानेवारी २००७ मध्ये टोरंट या खासगी कंपनीकडे गेलं. शीळ-मुंब्रा-कळव्याचं मार्च २०२० मध्ये. घरोघरी पलंगाखाली इन्व्हर्टरची बॅटरी आली ती भारनियमनाच्या काळातच. आणि हे सगळं त्या कल्याण-डोंबिवलीत, जिथे ठाकुर्लीला चोळ्याचं पॉवर हाऊस एकेकाळी रेल्वेला वीज पुरवत होतं.

भारनियमन गेलं, पण भरवसा पूर्ण आलेला नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला कळवा-पडघे दरम्यानच्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवरून सुरू झालेल्या बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग एका झटक्यात बंद पाडला. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. अख्ख्या महानगराला वीज पोचवणारं कळव्याचं केंद्र ठाण्यात, आणि ठाण्यातच दिवे नाहीत. त्याआधीचा २६ जुलै २००५ चा महापूर तर कोणी विसरलेलं नाही. वालधुनीच्या आणि उल्हासच्या काठच्या वस्त्यांत दोन-दोन, तीन-तीन दिवस वीज नव्हती, आणि त्या काळात बातमी कळायची ती सेलवर चालणाऱ्या रेडिओवरून.

तेव्हा ग्रिलवरच्या पॅनेलचा खरा उपयोग एवढाच : घरात चार-सहा सेल भरलेले असावेत, आणि वीज नसेल तेव्हा ते रिकामे झाले तर पुन्हा भरता यावेत. हा विमा आहे. विम्याकडून व्याजाची अपेक्षा ठेवू नये.

*

आता प्रत्यक्ष बांधाबांध. बाजारात सर्वांत सहज मिळतं ते सहा व्होल्ट, एक वॉटचं पॅनेल. आणि सर्वांत सहज मिळते ती चार पेन्सिल सेलची प्लॅस्टिकची पेटी. चार गुणिले १.२ म्हणजे ४.८, पॅनेल सहाचं, झालं काम, असं कोणालाही वाटेल. ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या एका निवृत्त वीज अभियंत्यांनी मला मल्टिमीटर लावून दाखवलं की हे काम कसं होत नाही, आणि तेही नेमकं मे महिन्यात, भर दुपारी, ऊन सर्वांत कडक असताना.

कारण असं. १.२ हे सेलचं सरासरी व्होल्टेज झालं. भरत आलेला सेल १.४५ पर्यंत चढतो. चार सेलचे झाले ५.८. रात्री सेलमधली वीज उलटी पॅनेलमध्ये जाऊ नये म्हणून मध्ये डायोड लागतो. शॉट्की जातीचा घेतला तरी तो ०.३ व्होल्ट खातो. म्हणजे पॅनेलकडून ६.१ हवेत. पॅनेलमध्ये बारा सौरघट एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येकाचा अर्धा व्होल्ट, म्हणून ते सहाचं. पण हा अर्धा व्होल्ट २५ अंश तापमानाचा. घट तापला की दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्ट गमावतो. मे महिन्यात लोखंडी ग्रिलला टेकलेलं पॅनेल ६० अंशांवर सहज जातं. ३५ अंश जास्त, बारा घट, दोन मिलिव्होल्ट : जवळजवळ ०.८४ व्होल्ट गेले. सहाच्या पॅनेलचे उरले सव्वापाच. भरत आलेल्या चार सेलना ते पुरे पडत नाहीत; प्रवाह थेंबाथेंबावर येतो.

"लोक म्हणतात, काका, पॅनेल खराब निघालं," ते सांगत होते. "अरे, पॅनेल चांगलं आहे. तुझं गणित हिवाळ्याचं आहे."

त्यांचा तोडगा सोपा होता. सहाच्या पॅनेलवर तीनच सेल लावा. तीन सेलना डायोड धरून साडेचारपेक्षा थोडेच जास्त लागतात, आणि ते तापलेलं पॅनेलही देतं. चार सेलच भरायचे असतील, तर नऊ व्होल्टचं पॅनेल आणा.

एक वॉटचं हे पॅनेल कडक उन्हात सुमारे १६५ मिलिअँपियर देतं. निकेलच्या सेलचा जुना नियम असा की क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने चौदा-सोळा तास भरलं तर वेगळं सर्किट लागत नाही, सेल तापत नाही, थोडं जास्त भरलं तरी तो सहन करतो. दोन हजारचा दशांश दोनशे. म्हणजे एक वॉटचं पॅनेल आपोआपच मर्यादेत राहतं. दुकानातले 'एका तासात फुल्ल' वाले चार्जर सेलचं आयुष्य खातात. उन्हाला तेवढी घाई करताच येत नाही. मला या सगळ्या प्रकारातली ही गोष्ट सर्वांत आवडते. स्वस्त पॅनेलचा दुबळेपणा इथे गुण ठरतो.

पण दुबळेपणाची किंमत वेळात मोजावी लागते. गळतीसकट सेल भरायला सुमारे २८०० मिलिअँपियर-तास लागतात. आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला साधारण पाच तास कडक उन्हाइतका प्रकाश मिळतो. गच्चीवर, मोकळ्या आकाशाखाली साडेतीन दिवस. ग्रिलवर अर्धं आकाश इमारतीनेच खाल्लेलं असतं. तिथे आठवडा धरा. जुलै-ऑगस्टमध्ये धरूच नका.

*

ग्रिलचा आणखी एक जाच आहे, तो सावलीचा. घट एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. एका घटावर गजाची सावली आडवी पडली तर तो एकटा नाही, सगळी रांग मंदावते. पॅनेलचा दहावा हिस्सा झाकला म्हणजे दहा टक्के गेले, असा हिशोब इथे चालत नाही. अर्ध्याहून जास्त जाऊ शकतं. म्हणून पॅनेल ग्रिलच्या आत ठेवणं म्हणजे ते न ठेवण्यासारखंच. बाहेर, गजांच्या पुढे, थोडं तिरकं बांधावं, आणि खाली माणसं चालतात हे लक्षात ठेवून दोन ठिकाणी बांधावं.

दिशेचा प्रश्न त्याहून गमतीचा. ठाणे १९ अंशांच्या किंचित वर आहे, म्हणून पुस्तकं सांगतात : तोंड दक्षिणेला, कल १९ अंश. गच्चीसाठी ठीक आहे. पण खिडकीचं काय? मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला सरकलेला असतो. दक्षिणेच्या खिडकीवर, छज्ज्याखाली, ऐन उन्हाळ्यात दुपारी थेट ऊन पडतच नाही. आणि दिवाळीत? सूर्य दक्षिणेला कललेला, दुपारी क्षितिजापासून ५५ अंशांच्या आसपास, छज्ज्याखालून सरळ आत शिरणारा. पाऊस गेलेला, हवा धुतलेली. दक्षिणेची खिडकी असलेल्याने हा उद्योग सुरू करायचा तर नोव्हेंबरात करावा. पूर्व-पश्चिम खिडक्यांचं नशीब वर्षभर सारखंच, अर्ध्या दिवसाचं. घोडबंदर रोडच्या टॉवरांत खालच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी समोरच्या टॉवरची सावली किती वाजता हलते ते आधी बघावं, मग पैसे घालवावेत.

धुतलेली हवा म्हणताना डोंबिवलीकर हसतील. जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला होता. तिथल्या निवासी भागात पॅनेलवर आठवड्यात जो थर बसतो तो नुसत्या धुळीचा नसतो. ओल्या फडक्याने पुसायचं, कोरड्याने घासायचं नाही; काचेऐवजी प्लॅस्टिकचा मुलामा असलेली स्वस्त पॅनेलं घासली की ती दोन वर्षांत पिवळट-आंधळी होतात.

*

भरलेले सेल वापरायचे कशात? इथे लोक उत्साहाने चुकतात. भिंतीवरच्या घड्याळात भरता येणारा सेल घालण्यात काही अर्थ नाही. घड्याळ साध्या सेलवर वर्षभर चालतं, आणि निकेलचा नेहमीचा सेल महिनाभरात आपली वीस-तीस टक्के वीज नुसती बसून गमावतो. टीव्हीच्या रिमोटचंही तेच. हळू झिरपणारे नवे सेल २००५ मध्ये सान्योने एनेलूप नावाने आणले. ते वर्षानंतरही बरीच वीज राखतात, पण तरी घड्याळाला साधा सेलच बरा. काही रक्तदाबमापक यंत्रं १.५ व्होल्टची सवय असल्याने १.२ वाला नवा भरलेला सेलही 'संपत आला' म्हणून दाखवतात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना उगाच घाबरवतात.

जिथे वीज भराभर खर्च होते तिथे हे सेल कामाचे : बॅटरी म्हणजे टॉर्च, डोक्याला लावायचा दिवा, कॅमेऱ्याचा फ्लॅश, मुलांची पळणारी खेळणी, कार्यक्रमातला बिनतारी माइक. वांगणीला खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला रात्र काढणारे लोक टॉर्चला लाल कागद लावून येतात; त्यांना पहाटेपर्यंत मंद पण टिकणारा उजेड हवा असतो. डोंबिवलीतला माझा एक ट्रेकर मित्र कल्याणहून आळेफाट्याच्या एसटीने माळशेज चढून खुबी फाट्याला उतरतो आणि खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर जातो. पाठीवरच्या सॅकला पॅनेल बांधण्याची फॅशन त्याला मान्य नाही. चालताना पॅनेल दर पावलाला दिशा बदलतं, झाडीत सावली, वर सेल सॅकच्या खिशात तापतो. तो घरूनच भरून नेतो. "उन्हात पॅनेल चालवायचं की आपण चालायचं, ते आधी ठरव," असं त्याचं म्हणणं.

एक पथ्य मात्र सगळ्यांना लागू : जुना आणि नवा सेल एका पेटीत घालू नये. दुबळा सेल आधी रिकामा होतो, मग बाकीचे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्याचे ध्रुव उलटतात आणि तो कायमचा मरतो. घरात भरणारे सेल 'अचानक' वाया जातात त्यातले निम्मे असेच गेलेले असतात असा माझा संशय आहे.

या शहरांतलं सर्वांत घरोघरी असलेलं पुन्हा भरायचं यंत्र मात्र वेगळंच आहे : डासांची रॅकेट. तिच्या मुठीत चार व्होल्टची छोटीशी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. पावसाळ्यानंतर ती कपाटावर रिकामी पडून राहते, आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं, आणि पुढच्या जूनमध्ये रॅकेट मेलेली निघते. शिशाच्या बॅटरीला रिकामं राहणं सोसत नाही. अर्ध्या वॉटचं पॅनेल, एक डायोड, महिन्यातून एक दिवस ऊन, आणि संध्याकाळी काढून ठेवणं : एवढ्यावर ती तीन-तीन हंगाम काढते. फक्त पॅनेलची वायर जोडलेली असताना रॅकेट भिंतीवरच्या प्लगला लावू नये. स्वस्त रॅकेटमध्ये घरातल्या विजेपासून बॅटरीला वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. उघड्या वायरीवर २३० व्होल्ट येऊ शकतात.

लिथियमचं जग निराळं. सोनीने १९९१ मध्ये ते बाजारात आणलं आणि आता प्रत्येक फोनमध्ये, पॉवर बँकेत तेच आहे. त्याला निकेलसारखी सोशिकता नाही. साध्या लिथियम-आयन सेलला ४.२ व्होल्टवर थांबायचं म्हणजे थांबायचं. पॅनेल सरळ जोडणं म्हणजे आगीला आमंत्रण. मध्ये चार्जिंगचं छोटं सर्किट हवंच. टीपी-४०५६ चिपचं, नखाएवढं, लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशांत मिळतं. सेल घेताना वर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. १८६५० मापाचा उत्तम सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास संपतो. ज्यावर ९९०० लिहिलंय तो खोटं बोलतोय एवढं नक्की.

आणि पाठीवर पॅनेल चिकटवलेली ती 'सोलर पॉवर बँक'. दहा हजार एमएएच म्हणजे ३७ वॉट-तास. गळती धरून ४५ लागतील. पाठीवरचं पॅनेल सव्वा वॉटचं असलं तर दिवसाला पाच-सहा वॉट-तास. आठ दिवस. त्या आठ दिवसांत आतला लिथियम सेल रोज ऊन खातो, जे त्याला अजिबात मानवत नाही. पॅनेल उन्हात आणि सेल सावलीत, ही साधी गोष्ट ज्या वस्तूत करताच येत नाही, ती वस्तू कोणी का घ्यावी?

*

हेच प्रश्न ग्रिलपेक्षा मोठ्या प्रमाणावर, पवईत बसून कोणीतरी सोडवायचा प्रयत्न केला होता. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक चेतनसिंह सोलंकी यांच्या पुढाकाराने २०१४ च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी सौर अभ्यासदिव्यांचा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रासह चार राज्यांत दहा लाख दिवे, मुलांकडून १२० रुपये घेऊन. पुढे केंद्राच्या मदतीने सत्तर लाखांची योजना आली, तेव्हा मुलाचा वाटा १०० रुपये होता. दिवा स्वस्त होता, पण माझ्या मते त्याहून मोलाचं होतं ते हे, की तो गावातल्याच बायका-माणसांकडून जोडून घेतला जाई आणि दुरुस्तीही तिथेच होई. कारण असल्या दिव्यात पॅनेल मरत नाही. ते वीस वर्षं जगतं. एलईडीही मरत नाही. मरतो तो सेल, दोन-तीन वर्षांत. तो बदलणारा हात जवळ नसेल तर उरलेला चांगला दिवा अडगळीत जातो. जव्हारच्या प्रगती प्रतिष्ठानसारख्या संस्थांनीही पाड्यांवर सौरदिवे नेले. तिथेही खरी परीक्षा तिसऱ्या वर्षी असते.

डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळी पहाटेला गर्दीत मिरवणारे सौर कंदील आणि बाल्कनीतल्या सौर माळा यांचं तेच. आत एकच छोटा सेल असतो, त्याच्या सव्वा व्होल्टचे तीन करून एलईडी पेटवणारी चार पायांची चिप असते. पुढच्या दिवाळीला माळ पेटत नाही, आपण नवी आणतो. मागचे दोन स्क्रू काढून सेल बदलला तर जुनी पेटते. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि शाळेच्या सुट्टीतल्या मुलाला जमतं.

सरकारी यादीत ही दोन्ही शहरं केव्हाच सौर झाली आहेत. केंद्राच्या सौर शहर योजनेत महाराष्ट्रातून नागपूर, औरंगाबाद, नांदेड, शिर्डी यांच्या जोडीला ठाणे आणि कल्याण-डोंबिवली होती. त्यातून गच्च्यांवर पाणी तापवण्याच्या टाक्या आल्या, आणि त्या खरोखर वीज वाचवतात. २०२४ च्या सूर्यघर योजनेत स्वतःचं छप्पर असलेल्याला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार. पण चौथ्या मजल्यावरच्या वन रूम किचनवाल्याच्या नावावर छप्पर नसतं. त्याच्याकडे ग्रिल असते.

राहिला मेलेला सेल. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी छोटे सेलही कक्षेत घेतले आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. स्वस्त सौर माळांत अजून निकेल-कॅडमियमचे सेल सापडतात, आणि कॅडमियम कचऱ्यात, तिथून मातीत जाणं ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. कल्याण स्टेशनजवळच्या एका बॅटरीवाल्याकडे मी विचारलं, हे जुने सेल घेता का. त्याने पिशवी हातात घेऊन वजन पाहिलं आणि परत दिली. "इन्व्हर्टरची बॅटरी आणा, साहेब, किलोवर घेतो. रॅकेटमधली पण घेतो, शिसं आहे त्यात. या पेन्सिल सेलला काय भाव देणार? गाळायचा खर्च जास्त." मग गल्ल्यामागच्या फळीवरून नव्या सेलचं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं.